टू-स्ट्रोक डर्ट बाइक: घरातल्या कोणाला कोणती?

नाशिकहून विचारलेला प्रश्न असा आहे. घरात तिघांना मातीतली गाडी चालवायची आहे. मुलगा ८ वर्षांचा, उंची सव्वाचार फूट, सायकल उत्तम चालवतो, क्लच कधी दाबलेला नाही. पुतणी १४ वर्षांची, सव्वापाच फूट, ४५ किलो, माउंटन बाइकच्या शर्यतींत उतरते. स्वतः प्रश्नकर्ते ४३ वर्षांचे, साडेपाच फूट, ८० किलो; कॉलेजात आरएक्स १०० होती, सध्या एक्सपल्स आहे. मोटोक्रॉसची, म्हणजे उड्यांच्या मातीच्या ट्रॅकवरची शर्यत वगैरे करायची नाही, डोंगरात फिरायचं आहे. ‘तिघांनाही टू-स्ट्रोकच घ्यायची. मुलाला ६५ सीसी, पुतणीला ८५ आणि मला १२५ असा चढता क्रम लावला तर बरोबर होईल ना? २५०-३०० काही आपल्याला झेपणार नाही.’

मुलांचं तुम्ही जवळजवळ बरोबर धरलंय. घोळ तुमच्या स्वतःच्या गाडीत आहे. ८० किलोच्या, चाळिशी ओलांडलेल्या आणि डोंगरात फिरू पाहणाऱ्या माणसाला १२५ मोटोक्रॉस ही ३०० एंड्युरोपेक्षा, म्हणजे डोंगर-जंगलातल्या वाटांसाठी बांधलेल्या गाडीपेक्षा, अवघड जाते. सीसी वाढला की गाडी अवघड होते हा रस्त्यावरच्या गाड्यांचा हिशोब झाला. टू-स्ट्रोकमध्ये तो पुष्कळदा उलटा पडतो.

त्याचं कारण इंजिनात आहे. टू-स्ट्रोकला वर व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, ते पोर्ट, आणि वरखाली होणारा पिस्टनच ते उघडतो-झाकतो. क्रँकच्या दर फेऱ्याला एक स्फोट होतो; फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. त्यामुळे हलक्या इंजिनातून भरपूर ताकद निघते. पण एक्झॉस्टचा पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं काही न जळता तसंच बाहेर निसटतं. मधे फुगलेला तो पाइप शोभेसाठी नसतो. त्यातून उलट येणारी दाबाची लाट हे निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये रेटते. मात्र ही लाट नेमकी वेळ साधते ती ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच. त्या पट्ट्याखाली गाडी मरगळलेली, पट्ट्यात शिरली की उसळते. पॉवरबँड म्हणतात तो हाच. कमी आरपीएमला एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी करणारा पॉवर व्हॉल्व्ह असला की खालची मरगळ बरीच कमी होते, पण जात नाही.

आता १२५ मोटोक्रॉसमध्ये हा पट्टा साधारण ८ हजार आरपीएमच्या पुढे सुरू होतो आणि ११ हजारांच्या आसपास संपतो. म्हणजे चालवणाऱ्याचा डावा हात आणि डावा पाय सतत कामावर. वळणात एक गिअर चुकला की गाडी बसते, आणि पुन्हा उठवायला क्लच मारावा लागतो. तुमच्या ८० किलोंसह चढावर हे दिवसभर करून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. ३०० मध्ये मुळात घनफळ एवढं असतं की पट्ट्याखालीही पुरेसा जोर मिळतो. तिसऱ्या गिअरमध्ये, जेमतेम आयडलच्या वर, ती दगडांवरून टकटक करत चढते.

आरएक्सच्या आठवणीवर १२५ जोखू नका, हेही सांगून ठेवतो. आरएक्स १०० चे ११ बीएचपी. यामाहा वायझेड १२५ त्याच्या तिपटीच्या वर जाते, आणि पेट्रोल भरून तिचं वजन सुमारे ९५ किलो, म्हणजे आरएक्सपेक्षाही थोडं कमीच. सीट जमिनीपासून ९७ सेंटीमीटरच्या आसपास. साडेपाच फुटी माणसाचा एकच पाय टेकतो, तोही चवड्यावर. आरएक्सवर शिट्टी वाजवत फिरलेल्या माणसाला वाटतं, आवाज ओळखीचा आहे, गाडीही ओळखीची असेल. पण ओळख आवाजापुरतीच.

आज बाजारात टू-स्ट्रोक दिसतात त्या एका टोकाला लहान आणि शिकाऊ गाड्यांत, दुसऱ्या टोकाला ३०० एंड्युरोत. असं का, तेही सांगतो. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसमध्ये, डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसीच्या फोर-स्ट्रोकवर जिंकून दाखवलं, पुढच्याच वर्षी वायझेड ४०० एफ दुकानात आली, आणि दहाएक वर्षांत मोठ्या मोटोक्रॉसमधून टू-स्ट्रोक जवळपास हद्दपार झाली. होंडाच्या सीआर १२५ आणि सीआर २५० चं २००७ हे शेवटचं मॉडेल. टू-स्ट्रोक टिकली ती मुलांच्या गाड्यांत, शिकाऊ १२५ मध्ये आणि हार्ड एंड्युरोत, म्हणजे दगड आणि खड्या चढांच्या अवघड शर्यतींत. ऑस्ट्रियात आयझेनएर्त्सच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून एर्झबर्गची शर्यत होते. मानुएल लेटनबिख्लरने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीनदा ती जिंकली, केटीएमच्या ३०० टू-स्ट्रोकवर. जिथे वेगापेक्षा चिकाटी लागते, इंजिन बंद पडलं तरी चालतं पण गाडी उचलायला हलकी हवी, तिथे अजून हीच चालते.

आता मुलाकडे वळू. ५० सीसीमध्येही दोन जाती आहेत. यामाहा पीडब्ल्यू ५० ही १९८० च्या दशकापासून जवळपास त्याच रूपात चालत आलेली: एअर-कूल्ड, आपोआप चालणारा क्लच, चेनऐवजी शाफ्ट, सीट जेमतेम ४८ सेंटीमीटर उंच, दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात, आणि थ्रॉटल किती फिरावं ते ठरवणारा स्क्रू. केटीएम ५० एसएक्सचा क्लचही आपोआपच लागतो, पण ती लिक्विड-कूल्ड, शर्यतीसाठी बांधलेली गाडी आहे. आईबाप दोन्हींना ‘लहान मुलांची गाडी’ म्हणतात, आणि पहिल्याच दिवशी मूल एसएक्सवरून कुंपणात जातं. नवशिक्यासाठी पीडब्ल्यूचा वर्ग आणि त्या स्क्रूला हात न लावणारा बाप, दोन्ही हवेत.

तुमचा मुलगा मात्र ५० च्या मापातून बाहेर पडतोय. त्याच्यासाठी ६५ बरोबर: कावासाकी केएक्स ६५ किंवा केटीएम ६५ एसएक्स. दोन्हींना हाताचा क्लच आणि सहा गिअर, सीट ७५-७६ सेंटीमीटर. केएक्स ६५ ही २००० सालापासून फारशी बदललेली नाही, आणि सुट्या भागांच्या दृष्टीने ते फायद्याचंच. केटीएमचं सस्पेन्शन आणि ब्रेक सरस आहेत, पण ही सरसता उड्या मारणाऱ्या पोराला जाणवते, शेताच्या बांधावर गिअर शिकणाऱ्याला नाही. शिकेपर्यंत केएक्सच घ्या. मागचं स्प्रॉकेट दोन-तीन दातांनी मोठं लावा, म्हणजे पॉवरबँड कमी वेगातच येतो आणि मूल त्याला घाबरत नाही. क्लच शिकवायचा तर इंजिन बंद करून, गाडी स्टँडवर ठेवून, आठवडाभर रोज थोडा वेळ.

आणि वाढत्या अंगाचा गणवेश घेतो तशी वाढत्या अंगाची गाडी घेऊ नका. ‘दोन वर्षांत उंच होईल’ म्हणून ८५ वर बसवलेलं पोर दोन वर्षं पाय टेकायची जागा शोधत राहतं आणि बाकी काही शिकत नाही. बूट घालून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत, बस.

पुतणीसाठी ८५ म्हणालात. त्यात चाकांची दोन मापं असतात हे दुकानदार बरेचदा सांगत नाहीत. केटीएम ८५ एसएक्स १७/१४ इंची चाकांत येते आणि १९/१६ इंचीतही. सव्वापाच फूट उंचीला मोठ्या चाकांचीच हवी. पण मी तिला सुचवीन कावासाकी केएक्स ११२. अंगाने ती ८५ च्याच घरातली, वजन ७७ किलोच्या आसपास, चाकं मोठी, आणि जास्तीच्या सीसीमुळे खालचा जोर बरा. ८५ चा पट्टा फार अरुंद असतो. त्याच्याशी झुंजत शिकलेली मुलं पुढे वेगवान होतात हे खरं आहे, पण तिला शर्यत हवी आहे की आठवड्याच्या शेवटी मजा, ते तिलाच विचारा. शर्यत म्हणाली तर ८५ चा विचार पुन्हा करावा लागेल, कारण लहानांच्या शर्यतींचे वर्ग त्या सीसीवर आखलेले असतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, त्या लीगमध्येही ज्युनियरचा गट ८५ सीसीचाच होता. प्रवेशिका भरण्याआधी देशातल्या मोटरस्पोर्टची संस्था असलेल्या एफएमएससीआयच्या परवान्याच्या अटी आणि त्या मोसमाचं नियमपत्रक, दोन्ही वाचून घ्या.

माउंटन बाइक चालवणाऱ्या मुलामुलींना एक मोठा फायदा असतो. उभं राहून चालवणं, नजर पुढे टाकणं, पेडलवर वजन देणं त्यांच्या अंगात असतं. तुम्हाला आणि मला ते शिकावं लागतं, आणि रस्त्यावरच्या बसून चालवायच्या सवयी आधी सोडाव्या लागतात. सहा महिन्यांत ती तुमच्या पुढे असेल, तयारी ठेवा. दोनएक वर्षांनी तिला १२५ द्या. १२५ ची खरी जागा तीच आहे: हलकं अंग, चपळ हात, आणि चुकीच्या गिअरला गाडी लगेच बोलून दाखवते म्हणून होणारं शिक्षण.

तुमच्यासाठी दोन पर्याय देतो. पहिला केटीएम ३०० ईएक्ससी किंवा तिच्याच कुळातल्या हुस्कवार्ना टीई ३०० आणि गॅसगॅस ईसी ३००. तिन्हींच्या पोटात इंजिन एकच. सहा गिअर, बटण-स्टार्ट, २०१७ पासून बॅलन्सर शाफ्ट, त्यामुळे हाताला झिणझिण्या कमी. नव्या मॉडेलांत फ्युएल इंजेक्शन आणि तेलाची वेगळी टाकी, म्हणजे मिश्रण करत बसायला नको. शक्तीने ती भयंकर आहे, पण थ्रॉटलचा पहिला चतुर्थांश एवढा सौम्य असतो की पावसाळ्यात शेवाळलेल्या काळ्या कातळावरही मागचं चाक पकड शोधत राहतं. फक्त सरळ मोकळ्या जागेत थ्रॉटल पूर्ण उघडायचा मोह आवरायचा.

दुसरा पर्याय, आणि माझ्या मते तुमच्यासाठी पहिल्यापेक्षा योग्य, इटलीची बेटा एक्सट्रेनर. इंजिन ३०० चंच पण मवाळ केलेलं, सीट इतर एंड्युरो गाड्यांपेक्षा चांगली खाली, सस्पेन्शन मऊ. तरुण पोरं तिला नाक मुरडतात. साडेपाच फुटी माणसाला चढावर मधेच थांबून पुन्हा निघायचं असेल तर या खाली आलेल्या सीटची किंमत कळते. अडचण भारतात ती मिळवण्याची. फ्रान्सच्या शेर्कोचीही तीच गत. डकार रॅलीतल्या टीव्हीएसच्या संघामुळे शेर्कोचं नाव आपल्याकडे ओळखीचं झालं, पण त्यांची ३०० दुकानात जाऊन घेता येत नाही.

२५० मोटोक्रॉस, म्हणजे वायझेड २५० वगैरे, डोक्यातून काढा. सुंदर गाडी आहे, माझी सर्वांत आवडती, पण ती ट्रॅकसाठी पाच जवळजवळच्या गिअरांची आणि ताठ सस्पेन्शनची आहे. डोंगरात ती तुम्हाला दमवेल. त्याच इंजिनाची वायझेड २५० एक्स वेगळी: मागे १८ इंची चाक, कमी केलेलं कॉम्प्रेशन, रुंद गिअर. ती चालेल, मिळाली तर.

मिळण्याचं म्हणाल तर, कावासाकीच्या केएक्स ६५ आणि ११२ भारतात अधिकृतपणे विकायला आल्या आहेत, आणि केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०, ६५ आणि ८५ एसएक्स आणल्या; तेव्हाच्या किमती पावणेपाच ते पावणेसात लाखांच्या दरम्यान, एक्स-शोरूम. आकडा वाचून धक्का बसला असेल तर योग्यच आहे. या गाड्या चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकची भावंडं नव्हेत, ऑस्ट्रियातून तयार येतात. ड्यूकच्या प्रत्येक शोरूममध्ये त्यांचा पिस्टन मिळेल असं धरू नका; पैसे देण्याआधी पिस्टन किट, क्लच प्लेट आणि लिव्हर किती दिवसांत येतात ते लिहून घ्या. वायझेड, बेटा, शेर्को आणायच्या तर शुल्क, जीएसटी, वाहतूक हे सगळं मूळ किमतीवर चढतं. तुमच्या ३०० ला वेळ लागणार, हे धरून चला. तोवर एक्सपल्स विकू नका. लांबच्या वाटेला ती या सगळ्यांपेक्षा बरी.

यांतल्या एकाही गाडीला इथे रस्त्याची नोंदणी मिळत नाही. म्हणजे नंबरप्लेट नाही, विमा नाही, आणि घरापासून ट्रॅकपर्यंत पिकअप किंवा ट्रेलर. गल्लीतून ‘जरा चक्कर’सुद्धा नाही, मुलांना तर मुळीच नाही. डोंगरात म्हणाल तर अभयारण्य आणि राखीव वन वर्ज्य. सड्यावर, म्हणजे कासला पाहता तशा कातळाच्या पठारांवर, चाक घालायचंच नाही. तिथली मातीची खपली एका पावसाळ्यात परत येत नाही. मालकाची परवानगी घेतलेलं पडीक रान, दगडखाण, ट्रॅक एवढंच. शिकायला कर्नाटकात कोलारजवळ डकार रॅलीत उतरलेल्या सी. एस. संतोषचं बिग रॉक डर्टपार्क आहे. तिथे सुट्टीत दोन दिवस मुलांना नेलंत तर इथले चार महिने वाचतील.

आता तेल. याच्यावरून लोक सर्वांत जास्त इंजिनं मारतात. आरएक्सला तेलाची वेगळी टाकी आणि पंप होता. मोटोक्रॉस गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलं पाळा: कावासाकी ३२ ला १, यामाहा वायझेड ३० ला १, केटीएमच्या ६५ आणि ८५ ला ४० ला १. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला अनुक्रमे १५६, १६७ आणि १२५ मिली. मोजपात्राने मोजायचं, झाकणाने नाही. ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिन सुरक्षित’ हा आपल्या गॅरेजमधला आवडता समज आहे. जास्त तेल म्हणजे तेवढंच कमी पेट्रोल, म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. वर प्लग काळा-ओला होतो तो वेगळाच.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलं नाही. ई२० मधलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो. तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीचा नळ खालून खेचतो, म्हणजे इंजिनाला काही क्षण बिनतेलाचा घोट मिळतो. पिस्टन चिकटायला तेवढं पुरतं. म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतं करा, उरलेलं ताजं असतानाच एक्सपल्सच्या भरल्या टाकीत थोडं थोडं ओतून संपवा, आणि घरी आल्यावर कार्ब्युरेटर रिकामा करा. इथेनॉलने मिश्रण मुळातच लीन होतं, तेव्हा मुख्य जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची पितळी नळी, एक माप वर न्यावी लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. तिथे बसवलेली जेट घेऊन कसारा उतरून कोकणात गेलात तर हवा दाट होते आणि मिश्रण आणखी पातळ पडतं. डिसेंबरच्या पहाटेही तेच. प्लग काढून पाहायची सवय लावा: भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी चांगला, पांढरा दिसला तर गाडी तिथेच थांबवा.

मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये सोडू नका. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन तर फिरतोच आहे. मधेमधे थ्रॉटलला चिमटा द्या किंवा क्लच दाबा. तसंही टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग नावापुरतंच असतं. फोर-स्ट्रोक एक्सपल्सच्या सवयीने पहिल्या उतारावर पोटात गोळा येईल.

देखभालीचं गणित किलोमीटरवर नाही, तासांवर चालतं. शंभरेक रुपड्यांचा वाटेल एवढासा अवरमीटर पहिल्या दिवशी बसवा. १२५ चा पिस्टन जोरात चालवणाऱ्याकडे ४० तासांच्या आत बदलावा लागतो, ३०० ट्रेलवर त्याच्या दुप्पट सहज काढते. काम सोपं आहे. गॅस्केट, पिस्टन, रिंग, गजनपिन, छोटं बेअरिंग, एका दुपारचा खेळ. फोर-स्ट्रोक मोटोक्रॉसचा व्हॉल्व्ह बसला की येणाऱ्या बिलाशी याची तुलनाच नको. आपल्या लाल मातीत एअर फिल्टर मात्र दर खेपेला धुवून, तेल लावून बसवायचा. यात आळस केला तर वरचं सगळं गणित कोसळतं.

सस्पेन्शनबद्दल एवढंच: ईएक्ससीची मूळ स्प्रिंग ७५ ते ८५ किलोच्या माणसाला धरून असते, तुम्हाला बसेल. मोटोक्रॉस १२५ ची त्याहून मऊ असते, तोही तुमच्याविरुद्धचा मुद्दा. हेल्मेट-बूट सगळं घालून गाडीवर बसल्यावर मागची बाजू साधारण १०५ मिलीमीटर खाली जायला हवी. पुतणीचं वजन कमी आहे, तिच्या गाडीला मऊ स्प्रिंग लागण्याची शक्यता आहे. ते मोजूनच ठरवा.

जुनी गाडी पाहणार असाल तर आधी आयातीचे कागद मागा. नसतील तर पुढे बोलू नका, कारण विकताना हाच प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. मग रेडिएटर वाकलाय का, स्विंगआर्म हातात धरून हलतो का, फ्लायव्हीलचं झाकण काढून क्रँकला वरखाली खेळ आहे का ते पाहा. किक हाताने दाबून बघा, कॉम्प्रेशन असेल तर ती उलट रेटते. आणि इंजिन गार असतानाच सुरू करून दाखवायला सांगा. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा घेऊन या, तासाभराने पुन्हा किक मारा.